जुन्या रायफलीचा सौदा



ज्या व्यासपीठावरून राज्यांचे उदयास्त सांगावयाचे, तेथे एका जुन्या बंदुकीच्या खरेदीची कथा कशाला, असा प्रश्न आपणांपैकी काहींना पडला असेल. तो रास्त आहे. त्यातून मी शिकारीही नाही. लहानपणी गलोलीने कैऱ्या पाडल्या, यापलीकडे माझी नेमबाजी कधी गेली नाही. आणि वाघ पाहिला तो ताडोब्याला, जीपमध्ये बसून, तोही पाठमोरा. परंतु इंग्रजी अमदानीतील हत्यारांच्या कायद्याविषयी वाचताना मला एक गोष्ट वारंवार आढळली. नवी वस्तू घेताना माणूस दुकानाच्या पाटीवर विश्वास टाकतो. जुनी घेताना तो नीट पारखून घेतो. हिंदुस्थानात हत्ती, गवा, वाघ यांच्यासाठी केलेली जुनी रायफल विकत घ्यावयाची झाली, तर तीन गोष्टी पारखाव्या लागत. पहिली लोखंड, दुसरी काडतूस, आणि तिसरी खुद्द खरेदीदार. यांतली तिसरी पारख सरकार करी, आणि सौद्याचा खरा निकाल तेथेच लागे.

आधी बोअर म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण पुढची सारी भानगड त्या एका आकड्याची आहे. जुन्या पद्धतीत बारा बोअर म्हणजे, एका पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या तर त्यांतली एक जिच्यात बसेल ती नळी. आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी. चार बोअरची गोळी पाव पौंडाची, म्हणजे आजच्या मापाने सुमारे ११३ ग्रॅम वजनाची! फ्रेडरिक सलूस हा पुढे नामांकित झालेला शिकारी १८७१ साली विशीच्या आतबाहेर असताना दक्षिण आफ्रिकेत उतरला. त्याची चांगली दुनळी चोरीस गेली, तेव्हा त्याने चार बोअरच्या ठासणीच्या साध्या बंदुका स्वस्तात पैदा केल्या. कमरेच्या चामडी पिशवीतून मूठभर दारू नळीत ओतावयाची, वर गोळी ठासावयाची आणि हत्तीच्या पुढ्यात जाऊन उभे राहावयाचे. त्या बंदुकांनी त्याने १८७२ ते १८७४ या काळात ७८ हत्ती मारले. परंतु त्यांच्या धक्क्याने आपले मज्जातंतू कायमचे बिघडले आणि हात पुढे कधी स्थिर झाला नाही, अशी खंत त्याने आपल्या पुस्तकात केली आहे. स्वस्त मालाची किंमत अशी मागाहून चुकवावी लागते.

हे सारे बदलले ते धूररहित दारूने. १८८९ साली एबल आणि डेवर या रसायनशास्त्रज्ञांनी कॉर्डाइट सिद्ध केले. त्यात अठ्ठावन्न टक्के नायट्रोग्लिसरीन, सदतीस टक्के गनकॉटन आणि बाकीचे खनिज तेलाचे मलम असे. शेवयांसारख्या दिसणाऱ्या या दारूने गोळीचा वेग इतका वाढला की, तिच्या वजनाची गरज उरली नाही. १८९८ साली लंडनच्या रिग्बी कंपनीने ४५० बोअरची कॉर्डाइट रायफल बाजारात आणली. येथे ४५० ही गणना निराळी आहे: इंचाचे हजार भाग केले, तर त्यांतले साडेचारशे. म्हणजे अर्ध्या इंचाहूनही बारीक नळी, आणि गोळी ४८० ग्रेनची, सुमारे एकतीस ग्रॅम. सलूसच्या पाव पौंडी गोळ्याचे काम ही एकतीस ग्रॅमची गोळी करू लागली. आफ्रिकेपासून म्हैसूरच्या रानापर्यंत ४५० बोअर हेच मोठ्या शिकारीचे माप ठरून गेले. लंडन-बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी त्या मापाच्या दुनळ्या घडविल्या आणि त्या हिंदुस्थानात आल्या. मुंबईत १८९१ साली आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटीचे दुकान निघाले. त्याची इमारत काळा घोड्याजवळ आजही उभी आहे. कलकत्त्यास मँटन, रॉडा यांच्यासारखी नाणावलेली दुकाने होती. परंतु हाताने घडविलेली उत्तम दुनळी म्हणजे धाकट्या लष्करी अंमलदाराचा कित्येक महिन्यांचा पगार. त्यामुळे कोणी रजेवर निघाला, कोणी निवृत्त झाला, कोणी कर्जात बुडाला किंवा वारला, की त्याची रायफल दुसऱ्याच्या हाती जाई.

आता लोखंडाची पारख. पहिली गोष्ट, नळीतून आकाशाकडे पाहावयाचे. आतले आटे कडेला धारदार आणि लखलखीत दिसले पाहिजेत. कोठे काळसर कडे दिसले, तर तेथे कधीतरी नळी फुगली आहे असे समजावे. मग पुढचे लाकूड काढून, रायफल मिटवून, दस्ता हातात धरून हलवावयाची. बिजागरी झिजली असेल, तर खुळखुळ लगेच कळते. दस्त्याच्या मनगटाशी, जेथे लाकूड सर्वांत बारीक असते तेथे, चीर पाहावयाची. हिंदुस्थानात वाळवीची भोके पाहावयाची हे निराळे सांगावयास नको. रायफल नवी काळी करून आणलेली असेल तर अधिक सावध व्हावे. म्हाताऱ्या घोड्याला तेल लावून बाजारात आणणारे लोक सगळ्याच धंद्यांत असतात.

पण सर्वांत महत्त्वाची जागा नळ्यांच्या खालच्या बाजूस, सहसा दिसत नाही अशी आहे. तेथे लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे छाप असतात. नळी त्या घरात मुद्दाम जादा दारू भरून उडवून पाहिल्याशिवाय इंग्लंडात बंदूक विकता येत नसे. ४५० बोअरच्या कॉर्डाइट रायफलीवर सत्तर ग्रेन दारू आणि ४८० ग्रेन गोळी असे आकडे कोरलेले आढळतात. हे आकडे वाचणे जिवाशी गाठ घालणारे होते, आणि त्याचे कारण मोठे चमत्कारिक आहे. काळ्या दारूच्या जमान्यातही ४५० बोअरची रायफल होती, आणि तिचे सव्वातीन इंची काडतूस जसेच्या तसे घेऊनच पुढे कॉर्डाइटचे काडतूस बनविले गेले. म्हणजे नवे काडतूस जुन्या रायफलीत अगदी अंगठीसारखे बसे. बसे खरे, पण ती नळी तेवढ्या दाबासाठी केलेलीच नसे. लिलावात स्वस्त मिळाली म्हणून काळ्या दारूची दुनळी घेतली, तिच्यात कॉर्डाइट भरले आणि चाप ओढला, तर वाघाआधी शिकाऱ्याचाच निकाल लागण्याची भीती. दोन्हींत बाहेरून फरक ओळखावयाचा तो त्या लपलेल्या छापांवरून.

आपल्या पावसाळ्याने या व्यापारात आणखी एक भर घातली. त्या काळी काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. टोपी उडाली की त्याचे क्षार नळीच्या आत बसत. हे क्षार मिठाच्याच जातीचे. आषाढातल्या दमट हवेत ते पाणी ओढून घेत आणि एका रात्रीत नळीला गंज चढे. तेल लावून उपयोग नसे, कारण तेलात ते विरघळत नाहीत. उपाय एकच: उडविल्यानंतर त्याच संध्याकाळी नळीत उकळते पाणी ओतावयाचे. गंजू नये म्हणून लोखंडात पाणी ओतावे हे पुष्कळांना पटत नसे. त्यामुळे बाहेरून चांदीसारख्या दिसणाऱ्या कित्येक रायफली आतून देवीच्या वणांसारख्या खडबडीत झालेल्या असत.

लोखंड उतरले पारखीला, की काडतूस. दुनळी रायफलीचे एक रहस्य आहे. दोन नळ्या शेजारी शेजारी सरळ जोडल्या, तर दोन्ही गोळ्या एका ठिकाणी लागत नाहीत. उजवी नळी उडताना धक्क्याने उजवीकडे वळते, डावी डावीकडे. म्हणून कारागीर नळ्या पुढच्या तोंडाशी किंचित आत वळवून डाख देतो, चांदमारीवर उडवून पाहतो, डाख सोडवितो, पाचर सरकवितो, पुन्हा उडवितो. असे दोन्ही गोळ्या एकत्र येईपर्यंत चालते. परंतु हा हिशेब एका ठराविक काडतुसापुरताच जुळतो. दारू बदलली की गोळ्या फाकतात किंवा एकमेकींस ओलांडतात. उन्हाने कॉर्डाइटचा दाब चढतो, त्यामुळे उष्ण देशांसाठी जरा कमी दारूची काडतुसे निराळी निघत. तात्पर्य, काडतूस मिळेनासे झाले की जगातली सर्वोत्तम दुनळीही केवळ कोपऱ्यात उभी करावयाची काठी झाली. १९०७ साली हिंदुस्थानात ४५० बोअरच्या बाबतीत नेमके हेच घडले. पण तेथे येण्याआधी आपण तिसऱ्या पारखीकडे वळू.

१८७८ साल आपणांस लॉर्ड लिटनच्या देशी वृत्तपत्रांच्या कायद्यासाठी आठवते. त्याच वर्षीचा अकरावा कायदा म्हणजे हत्यारांचा कायदा. लेखणी आणि बंदूक यांचा बंदोबस्त सरकारने एकाच वर्षात केला. या कायद्याचे पाचवे कलम मला विशेष वाचनीय वाटते, कारण ते जुन्या हत्यारांच्या विक्रीविषयी बोलते. परवान्यावाचून हत्यारांचा व्यापार करावयाचा नाही. मात्र स्वतःच्या वापरासाठी कायदेशीर बाळगलेले हत्यार, ज्याला मनाई नाही अशा माणसास विकण्यास हरकत नाही. विकणाऱ्याने विनाविलंब जिल्हा मॅजिस्ट्रेटला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला विक्रीची वर्दी द्यावी, खरेदीदाराचे नाव आणि पत्ता कळवावा. येथपर्यंत कोणत्याही शहाण्या सरकारने करावे असेच हे आहे. पण त्याच वाक्यात एक पोटवाक्य आहे: खरेदीदार जर सत्ताविसाव्या कलमान्वये सूट मिळालेला असेल, तर वर्दीची जरुरी नाही. ही सूट कोणाला? युरोपियनांना, अँग्लो-इंडियनांना, आणि आपल्यांपैकी काही राजेरजवाड्यांना व पदवीधारी बड्या लोकांना.

म्हणजे दोन सौदे डोळ्यांसमोर आणा. एक इंग्रज चहामळेवाला आपली रायफल दुसऱ्या इंग्रजाला क्लबाच्या व्हरांड्यात विकतो. पैसे मोजले, पेटी उचलली, काम झाले. तीच रायफल तोच मळेवाला एखाद्या देशी वकिलाला विकू म्हणेल, तर आधी वकिलाचा परवाना, मग वर्दी, नाव, पत्ता. नळी तीच, आटे तेच, छाप तेच. खरेदीदाराच्या कातडीचा रंग तेवढा निराळा. १८८७ साली मद्रासच्या राष्ट्रीय सभेत या कायद्याविरुद्ध ठराव झाला, आणि पुढे वर्षानुवर्षे होत राहिला. त्यात मानाचा प्रश्न होताच. पण पोटाचाही होता. डुकरे पीक उद्ध्वस्त करीत, वाघ-बिबटे गुरे नेत, आणि कुणब्याच्या हाती काठी! वर्णावरून सूट देण्याची ही रीत १९२० च्या नियमांनी कागदावरून गेली, तरी सर्वसामान्य माणसाला परवाना मिळणे सोपे झाले नाही. १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी व्हॉइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मिठाबरोबर स्वसंरक्षणासाठी हत्यारांच्या परवान्याचीही मागणी होती, हे आपण बहुधा विसरतो. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने ती करावी यातच त्या कायद्याचा डंख किती खोल गेला होता ते दिसते.

आता १९०७ साल. सरकारचे भय या वेळी माणसावरून आकड्यावर गेले. फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री रायफल ४५० बोअरची होती. ती फौजेतून हळूहळू निघाली, पण वायव्य सरहद्दीवर चोरीच्या आणि हातघडणीच्या मार्टिनी पुष्कळ होत्या. शिकारीची ४५० बोअरची काडतुसे देशात येत राहिली, तर त्यांच्या गोळ्या या बंदुकांत जातील, अशी धास्ती सरकारला वाटली. आणि हिंदुस्थानात व सुदानात ४५० बोअरच्या रायफली व काडतुसे आणण्यास बंदी झाली. फौजेच्या ३०३ बोअरलाही खाजगी हातांत मज्जाव होता.

या बंदीने काय साधले? इंग्लंडातल्या कारागिरांनी थोड्याच काळात तोड काढली. जोसेफ लँगने ४७० बोअर काढला, हॉलंडने ४६५, आणखी कोणी ४७५, ४७६. लँगच्या ४७० ची गोळी ५०० ग्रेनची, वेग ४५० इतकाच. म्हणजे बंदी घातलेल्या रायफलीहून तिची पर्यायी रायफल तसूभरही कमी घातक नव्हती; उलट गोळी वीस ग्रेनने जडच! शिवाय बंदी आकड्याला असल्याने गमती झाल्या. ‘४५०/४००’ नावाची जेफरी कंपनीची एक लोकप्रिय रायफल होती. नावात साडेचारशे असले तरी ते केवळ काडतुसाच्या बुडाचे माप. मान आवळून गोळी ४०० ची केलेली. त्यामुळे ती चालत राहिली आणि आपल्या जंगलांत वाघासाठी ती पुष्कळांनी पसंत केली. ३०३ नको म्हणून ऑस्ट्रियाच्या मानलिखर जातीचे ८ मिलिमीटरचे काडतूस आले. तेच आपले ३१५ बोअर. त्या मापाची रायफल स्वतंत्र हिंदुस्थानच्या ऑर्डनन्स कारखान्यांनीही बनविली. आपल्या गावात परवान्याची रायफल पाहिली असेल, तर ती बहुधा याच मापाची असते.

नुकसान झाले ते जुन्या ४५० वाल्यांचे. त्यांची रायफल बिघडली नव्हती, लोखंड शाबूत होते. पण काडतुसाचा झरा आटला. या देशात गिऱ्हाइकाने तिच्याकडे पाठ फिरविली, आणि तीच रायफल मोंबासाला उतरली तर तेथे तिला तोटा नव्हता. या भयाचे मूळ मात्र कशाने झाकले गेले नाही. कलकत्त्याच्या रॉडा कंपनीच्या मालातून २६ ऑगस्ट १९१४ रोजी बंगाली क्रांतिकारकांनी पन्नास माउझर पिस्तुले आणि सेहेचाळीस हजार काडतुसे लांबविली. त्यांत ४५० बोअरचे एकही नव्हते.

त्याच १९०७ सालातील दुसरी एक हकीकत सांगतो. कुमाऊंत चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसे खाल्ली होती. जिम कॉर्बेट तिच्या मागे गेला, तेव्हा बरोबर हाक्यासाठी माणसे जमविली ती चंपावतच्या तहसीलदाराने. या माणसांनी आपापली हत्यारे आणली होती, आणि त्यांत बिनपरवान्याच्या पुष्कळ होत्या. तहसीलदाराने त्या दिवसापुरती डोळेझाक केली. वाघीण जखमी होऊन एका खडकापाशी थांबली आणि कॉर्बेटची काडतुसे संपली. तो धावत जाऊन तहसीलदाराचीच बंदूक घेऊन आला. जवळ पोहोचल्यावर त्याच्या लक्षात आले की, नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यात इंचाच्या तीन-अष्टमांश एवढी फट आहे! मघाशी आपण पारखीची जी यादी पाहिली, तिच्या पहिल्याच पायरीवर ही बंदूक कोणीही टाकून दिली असती. पण पारखावयास वेळ नव्हता. कॉर्बेटने वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला, आणि गोळी लागली तिच्या उजव्या पंजाला. सुदैवाने आधीच्या गोळ्यांनी तिचे काम केले होते.

मला या प्रसंगात वाघिणीपेक्षा ती बंदूक जास्त बोलकी वाटते. सरकारी अधिकारी असलेल्या देशी माणसाच्या हातात कसे हत्यार होते, आणि ज्यांना सरकारने विश्वासच दिला नव्हता त्या गावकऱ्यांनी काय काय लपवून ठेवले होते, ते त्या एका दिवशी उघड्यावर आले. काही महिन्यांनी नैनितालच्या दरबारात लेफ्टनंट-गव्हर्नर सर जॉन ह्यूएट याने तहसीलदाराला बंदूक बक्षीस दिली. ती नक्कीच बिनफटीची असणार. कॉर्बेटला मिळाली ती रिग्बी कंपनीची २७५ बोअरची रायफल, दस्त्यावर चांदीची पट्टी बसविलेली. १९२६ साली रुद्रप्रयागचा, सव्वाशे माणसे खाल्लेला बिबट्या त्याने हिच्यानेच मारला.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९४७ साली इंग्रज निघाले, आणि देश सोडताना अनेकांनी आपली हत्यारे येथेच विकली. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा आला, पण मना केलेले बोअर आणि मना न केलेले बोअर ही वाटणी स्वराज्याच्या कायद्यातही राहिली. बर्मिंगहॅमच्या कायनॉक कारखान्याने १९७० च्या सुमारास मोठ्या शिकारीची काडतुसे काढणेच थांबविले, आणि पुढे काही वर्षे जगभरच्या दुनळ्या उपाशी राहिल्या. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, आणि ज्या प्राण्यांसाठी या रायफली घडविल्या होत्या त्यांना मारणे हाच गुन्हा झाला. तो व्हावयासच हवा होता. आपण थोडा उशीरच केला, असे माझे मत आहे. आता इंग्लंड-अमेरिकेच्या लिलावांत या जुन्या दुनळ्या चित्रांसारख्या विकल्या जातात, आणि खरेदीदार नळीच्या आट्यांआधी विचारतो की, ही कोणाच्या हातात होती?

कॉर्बेट १९४७ साली देश सोडून केनियात गेला आणि १९५५ साली तेथेच वारला. त्याची २७५ बोअरची रायफल त्याच्या पुस्तकांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे राहिली. २०१५ साली ती रिग्बी कंपनीने विकत घेतली. एका कारखान्याने एकशे दहा वर्षांपूर्वी स्वतःच घडविलेली वस्तू जुनी म्हणून पुन्हा खरेदी केली. दुसऱ्याच वर्षी ती काही दिवसांपुरती कुमाऊंत आणली गेली, आणि कॉर्बेटच्या मुलखातल्या लोकांनी ती जवळून पाहिली. तहसीलदाराच्या त्या फटीच्या बंदुकीचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले माझ्या वाचनात नाही.